टाकाऊ कागद, टिकाऊ वही

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात. कार्यानुभवाच्या तासाला आपण करवंटीचे कासव केले, काड्यापेट्यांची खुर्ची केली, बाटलीची फुलदाणी केली. त्या वस्तू महिनाभर कपाटावर दिमाखात राहिल्या आणि पुढच्या साफसफाईत कचऱ्याच्या डब्यात गेल्या. टाकाऊतून काहीतरी झाले खरे, पण ते टिकाऊ होते का, हे आपल्याला कुणी विचारले नाही.

कासवाच्या बाबतीत हा प्रश्न सोडून देता येतो, वहीच्या बाबतीत येत नाही. गेली काही वर्षे मी रद्दीतल्या कागदांपासून हाताने वह्या बांधते. हल्ली ‘आर्ट जर्नल’ म्हणतात त्या जातीच्या या वह्या. मी त्यांना चित्रवही म्हणते. तिच्यात लिहिणे, रेखाटणे, रंगवणे, तिकिटे-कात्रणे-पाने चिकटवणे हे सगळे एकाच पानावर नांदते. अशी वही माणूस ठेवण्यासाठीच करतो. कुणी बाळाचे पहिले वर्ष तिच्यात ठेवते, कुणी गेलेल्या माणसाची आठवण, कुणी प्रवास. पंचवीस वर्षांनी ती उघडली आणि पान हातात तुटले, तर टाकाऊतून आपण पुन्हा टाकाऊच केले असे होईल. म्हणून या लेखाचा प्रश्न साधा आहे: टाकलेल्या कागदापासून टिकणारी वही होते का? होते, पण त्यासाठी आधी ‘रद्दी’ हा एक शब्द फोडावा लागतो. त्या एका शब्दाखाली जन्माने, स्वभावाने आणि आयुष्याने अगदी वेगळे असलेले कागद एकत्र बांधलेले असतात.

कागद मुळातच चिंधीचा

नव्या मालापासून कागद करायचा आणि वापरून झाला की टाकायचा, ही पद्धत फार जुनी नाही. कागदाचा शोध चीनमध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याच्या नावावर, इ.स. १०५ या सालाखाली नोंदला जातो. त्याने कशापासून कागद केला? झाडाची साल, तागाचे तुकडे, जुन्या चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी. म्हणजे कागदाच्या पहिल्या लिखित कृतीतच टाकाऊ वस्तू आहेत.

आपल्याकडेही हेच. औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबादच्या किल्ल्यापासून जवळच कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात दौलताबादेला राजधानी हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून तिथला धंदा सुरू झाला असे परंपरा सांगते. जुन्नरी कागदाची ख्याती तर मराठी दप्तरांत पदोपदी भेटते, आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा आजही आपल्या नावातून जुनी ओळख सांगतो. या कारागिरांचा कच्चा माल म्हणजे जुने दोर, फाटकी गोणपाटे, चिंध्या. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, नदीवर धुवायचे, पुन्हा कुटायचे. असे अनेक दिवस चालले की लगदा तयार व्हायचा. मग तो हौदात पाण्यात सोडायचा, बारीक काड्यांच्या चटईवर उचलायचा, पाणी निथळले की ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा. वाळल्यावर त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई पसरली असती.

या कृतीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे धागा. सुती चिंधीतला तंतू लांब असतो आणि जवळजवळ सगळाच सेल्युलोज असतो. कापूस आधी वस्त्र झाला, अंगावर झिजला, शेकडो वेळा धुतला गेला, तरी त्याचा तंतू कागद होण्याइतका सशक्त उरतो. दुसरी म्हणजे चुना. चुन्याच्या पाण्यामुळे लगद्यातले आम्ल मारले जाते आणि थोडा क्षार कागदात मुरून राहतो. कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आम्ल. त्या कारागिरांना रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल, पण त्यांचा कागद आतून सुरक्षित झालेला असे. शाईसुद्धा काजळ आणि गोंदाची, कागदाला न खाणारी. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले हजारो मोडी कागद दोन-दोन, तीन-तीन शतकांनंतरही उलगडता येतात, त्याचे अर्धे श्रेय या चिंध्यांना आणि चुन्याला आहे. त्यांचे जे नुकसान झाले ते मुख्यतः कसर, वाळवी आणि ओल यांनी केले. कागद स्वतःहून मोडला असे क्वचितच.

लाकूड आले आणि रद्दी बदलली

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद म्हणजे चिंधीच. छापखाने वाढले, वर्तमानपत्रे वाढली आणि चिंध्या पुरेनात. १८०० साली लंडनमध्ये मथायस कूप्स याने छापील कागदावरची शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण कागदाचे पुनर्चक्रीकरण म्हणतो तेच हे. पण टंचाईवरचा खरा तोडगा निघाला तो १८४४च्या सुमारास, जर्मनीत फ्रिडरिश केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा केला तेव्हा. लाकूड मुबलक आणि स्वस्त होते. त्यामुळे वर्तमानपत्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले.

या स्वस्ताईची किंमत मात्र कागदाने मोजली. लाकडात साधारण पाव हिस्सा लिग्निन असते. झाडाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवणारे ते नैसर्गिक सिमेंट आहे. लाकूड नुसते दळले तर ते सगळे कागदात उतरते. ऊन आणि हवा लागली की लिग्निन पिवळे-तपकिरी पडते आणि त्यातून आम्ल तयार होते. त्यात भर म्हणजे एकोणिसाव्या शतकातच खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत रुळली. तुरटीही आम्लधर्मी. आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते, आणि एक दिवस कागद घडी घालताच बिस्किटासारखा तुटतो.

माझ्या घरात याचा पुरावा एकाच कपाटात आहे. शके १७३८ची मिती असलेले एक मोडी खत आहे, म्हणजे दोनशे वर्षांहून जुने. कडा कसरीने खाल्ल्या आहेत, पण मधला कागद अजून कापडासारखा वळतो. शेजारीच माझ्या आईची पाककृतींची वही आहे, पन्नासेक वर्षांपूर्वीची. शाळेच्या साध्या वहीत तिने वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटवली आणि कडेला पेन्सिलीने आपली दुरुस्ती लिहिली: ‘गूळ कमी’, ‘हे जमत नाही’, ‘आप्पांना आवडले’. कात्रणे आता चहाच्या रंगाची झाली आहेत. त्याहून वाईट म्हणजे, प्रत्येक कात्रणाने समोरच्या पानावर आपल्याच आकाराचा तपकिरी डाग उमटवला आहे. आम्ल एका कागदातून दुसऱ्यात झिरपते, त्याची ही सावली. पाककृती कुठल्याही पुस्तकात सापडतील. धोक्यात आहे ती कडेची पेन्सिल.

चित्रवही करणाऱ्याने हे दोन कागद नजरेसमोर ठेवावेत. पुनर्वापर दोन्ही ठिकाणी आहे. एकात चिंधीचा कागद झाला, दुसऱ्यात वर्तमानपत्राची वही झाली. फरक पडला तो कशाचा पुनर्वापर केला यामुळे.

रद्दीची जातवारी

आता घरातला रद्दीचा गठ्ठा सोडू. माझ्या अनुभवात त्यातून पाच-सहा जाती निघतात आणि प्रत्येकीला वहीत एक ठरावीक काम देता येते.

पहिली जात पाठकोऱ्या कागदांची. कार्यालयातल्या प्रती, मुलांचे प्रकल्प, चुकलेल्या छपाया. झेरॉक्सचा किंवा मॅपलिथो जातीचा हा कागद रासायनिक लगद्याचा असतो, म्हणजे लाकडातले लिग्निन बरेचसे काढून टाकलेले असते. रद्दीतला लिहिण्यायोग्य आणि टिकणारा कागद तो हाच. वहीची पाने याची करावीत.

दुसरी जात वर्तमानपत्राची. हे वहीत पान म्हणून नको आणि चिकटवायचे असेल तर विचार करून. रंगाखाली झाकण्यासाठी, सरावासाठी, कामाच्या टेबलावर अंथरण्यासाठी ते उत्तम.

तिसरी जात चकचकीत मासिकांची, जाहिरातींची आणि दिवाळी अंकांच्या रंगीत पानांची. या आर्ट पेपरवर चिनी मातीसारख्या पांढऱ्या खनिजाचा लेप असतो. रंग सुंदर उमटतात, पण ओल लागली की दोन पाने एकमेकांना कायमची चिकटतात आणि शाईचे पेन त्यावर नीट वाळत नाही. कातरकामाला, चिकटचित्राला मात्र हा कागद पहिल्या प्रतीचा.

चौथी जात लग्नपत्रिकांची. वर गणपतीचे चित्र असते म्हणून त्या टाकवत नाहीत, आणि ठेवून करायचे काय हेही कळत नाही. पुष्कळ पत्रिका जाड कार्डाच्या किंवा हातकागदाच्या असतात. आतल्या कप्प्यांना, खुणेच्या पट्ट्यांना, छोट्या वहीच्या मुखपृष्ठाला त्या शोभतात.

पाचवी जात खोक्यांची आणि पुठ्ठ्यांची. वहीचे कव्हर यातूनच येणार. पण खोक्याचा तपकिरी पुठ्ठा आम्लधर्मी असतो, म्हणून तो आणि पहिले पान यांच्यामध्ये चांगल्या कागदाचे अस्तर हवे. पन्हाळीचे, म्हणजे मध्ये लाटा असलेले खोके टाळावे, ते दाबाखाली चेपते. कॅलेंडरच्या किंवा लेखनपॅडच्या मागचा सपाट पुठ्ठा बरा.

सहावी जात फसवी आहे: एटीएमची पावती, दुकानातले बिल, बसच्या यंत्रातून निघणारे तिकीट. हा उष्णतेने काळा पडणारा कागद. त्यावर शाई नसतेच. काही वर्षांत, कधी काही महिन्यांतच, मजकूर उडतो किंवा सगळे तिकीट करडे होते. प्रवासाची आठवण म्हणून ते चिकटवणाऱ्याकडे शेवटी कोरी चिठ्ठी उरते. अशा तिकिटाची साध्या कागदावर प्रत काढावी आणि ती चिकटवावी. एसटीची जुनी, छापील पातळ तिकिटे कुणाकडे असतील तर ती मात्र जपून ठेवण्यासारखी आहेत.

कागद कोणत्या जातीचा हे कळत नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. त्याची पट्टी कापायची, अर्धी पट्टी काळ्या कागदाखाली झाकायची आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवायची. झाकलेल्या आणि उघड्या भागात पिवळेपणाचा फरक स्पष्ट दिसला, तर कागदात लिग्निन भरपूर आहे. वर्तमानपत्र या परीक्षेत हमखास नापास होते.

कागदाची दिशा

यंत्रावर कागद होताना लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि तंतू बहुतांशी धावण्याच्या दिशेने झोपतात. या दिशेला छपाईवाले ‘ग्रेन’ म्हणतात. ग्रेनला समांतर कागद सहज वळतो, सरळ फाटतो. आडवा घडी घातला तर घडीवर तंतू मोडतात आणि कागद कुरकुर करतो. शिवाय ओल लागली की तंतू लांबीने फारसे वाढत नाहीत, जाडीने फुगतात, त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो. वहीत ग्रेन कण्याला समांतर असावी हा बांधणीचा पहिला नियम याच कारणाने आला. तो मोडला की पाने कण्यापाशी लाटांसारखी उठतात आणि वही मिटत नाही. चित्रवहीत पाण्याचे रंग लागतात, म्हणून इथे ही चूक चटकन दिसते.

आपला ए-फोर कागद साधारणपणे लांब ग्रेनचा असतो, म्हणजे तंतू २९.७ सेंटिमीटरच्या बाजूने. हा कागद मधोमध दुमडून वही करण्याची सवय आपल्याला आहे, पण तेव्हा घडी ग्रेनच्या आडवी पडते. त्यापेक्षा कागद लांबीला समांतर दुमडावा. साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तीस सेंटिमीटर उंच अशी अरुंद वही होते, जुन्या हिशेबाच्या चोपडीसारखी. फार उंच वाटली तर आडवी कापून तिच्या दोन खिशात मावणाऱ्या वह्या करता येतात. दोन्हींत ग्रेन कण्याला समांतरच राहते.

या घडीत पाठकोऱ्या कागदाचा आणखी एक प्रश्न सुटतो. छापील बाजू आत जाईल असा कागद दुमडायचा. घडी वहीच्या बाहेरच्या कडेला ठेवायची आणि उघड्या कडा कण्याकडे. म्हणजे प्रत्येक पान दुहेरी झाले, दोन्ही बाजूंनी कोरे, आणि जुना मजकूर घडीच्या पोटात बंद. चीन आणि जपानमध्ये पातळ कागदाची पुस्तके शतकानुशतके अशीच बांधली गेली. दुहेरी पानामुळे शाई पलीकडे उमटत नाही आणि हलक्या पाणरंगालाही ते टिकते.

हातकागदाला मात्र ठळक ग्रेन नसते, कारण साचा हाताने सर्व बाजूंना हलवलेला असतो. म्हणून जाड मुखपृष्ठाला किंवा अस्तराला तो वापरला की दिशेची चिंता कमी होते.

शिवण

मराठी बांधणीकार ज्याला जुजबंदी म्हणतात ती पद्धत अशी: चार-पाच कागद एकात एक घालून एक जुज करायचा, घडीवर भोके पाडायची आणि एकेक जुज दोऱ्याने पुढच्याला जोडत जायचे. अशी वही पूर्ण उघडते, टेबलावर सपाट पडते, आणि चित्र दोन पानांवर पसरवता येते. दोन्ही बाजू कोऱ्या असलेले कागद मिळाले तर हीच पद्धत घ्यावी.

घडी बाहेर असलेल्या पाठकोऱ्या वहीला जुज होत नाही. तिला कण्याच्या कडेने टोचून शिवायचे. तीस पाने नीट ठोकून सारखी करावीत, वरखाली पुठ्ठा ठेवून चिमट्यांनी आवळावीत, कण्यापासून दीड सेंटिमीटर आत चार भोके आखावीत. भोके चांभाराच्या आरीने किंवा जाड दाभणाने पाडावीत. दोरा कण्याच्या लांबीच्या सुमारे पाच पट घ्यावा. सुती किंवा तागाचा जाड दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढला की गुंतत नाही आणि गाठ घट्ट बसते. ही वही पूर्ण सपाट उघडत नाही हा तिचा तोटा, म्हणून कण्याकडे दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडून लिहावे. चित्रवहीत आणखी एक खबरदारी लागते. चिकटवलेल्या वस्तूंनी पाने फुगतात आणि वही पंख्यासारखी उघडी पडते. म्हणून शिवतानाच दर चार-पाच पानांनंतर कण्यापाशी एक अरुंद कागदी पट्टी घालावी. कण्याची जाडी आधीच वाढली की पुढे चिकटवायला जागा मिळते.

कव्हरला जुने सुती कापड लावावे. झिजलेल्या लुगड्याचा काठ, सदऱ्याची पाठ, पडद्याचा तुकडा, काहीही चालते, फक्त सुती हवे. कृत्रिम धाग्याच्या कापडावर खळ नीट बसत नाही. कापडाचाही ताणा वहीच्या उंचीला समांतर ठेवावा. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नाही. कोणते लुगडे आतल्या थरात घालायचे आणि कोणते वर घ्यायचे हे त्या कापड चोळून ठरवतात. रद्दी निवडणे म्हणजे तेच ज्ञान कागदाला लावणे.

खळ की गोंद?

बाजारातला पांढरा सिंथेटिक गोंद सोयीचा आहे, पक्का आहे आणि लवचीकही. पण एकदा वाळला की कागद न फाडता सुटत नाही. पुठ्ठ्यावर कापड बसवायला तो वापरायला हरकत नाही. पानांवर मात्र, विशेषतः जुने फोटो किंवा पत्रे लावताना, खळच बरी. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचे आणि गाळून घ्यायचे. खळीने चिकटवलेली वस्तू ओलाव्याने पुन्हा सोडवता येते, म्हणजे पुढच्या पिढीला तुमचे काम दुरुस्त करता येते. दस्तऐवजांची डागडुजी करणारे तज्ज्ञ याच कारणाने आजही पिठाच्या खळीवर विसंबतात.

खळीचा दोष म्हणजे ती किड्यांनाही आवडते. जुने बांधणीकार तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, म्हणून मुलांबरोबर काम करताना ते अजिबात नको. खळ लागेल तेवढीच करावी, पातळ लावावी, आणि काम झाल्यावर वही वजनाखाली दोन दिवस पूर्ण वाळू द्यावी. कसरीला ओल आणि अंधार लागतो. महिन्यातून एकदा उघडली जाणारी वही त्यांना मानवत नाही.

फोटो, पत्र किंवा वर्तमानपत्राचे कात्रण लावायचेच असेल तर त्याच्यामागे आणि समोर चांगल्या कागदाचा एकेक तुकडा घालावा. आईच्या वहीत मी आता तेच केले आहे. डाग गेले नाहीत, पण नवे उमटायचे मंदावतील.

घरचा लगदा

पाठकोरा कागद रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये फिरवायचा, जाळी लावलेल्या चौकटीवर उचलायचा आणि जुन्या चादरीवर उलटून वाळवायचा, ही कृती मुलांना अतिशय आवडते. करावी जरूर. पण असा कागद वहीच्या पानांना कमकुवत ठरतो. लाकडाचा तंतू मुळात आखूड असतो. प्रत्येक फेरीत तो आणखी तुटतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर कागद धरून ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. शिवाय घरच्या कागदाला खळ नसते, शाई टिपकागदासारखी पसरते. तेव्हा तो मुखपृष्ठावरच्या चौकोनाला, पाकिटाला, चिकटचित्राला वापरावा. उरलेले लगद्याचे पाणी मोरीत ओतू नये, नळी तुंबते. ते झाडांना घालावे.

चिंधीचा खरा हातकागद घरच्या मिक्सरमध्ये होत नाही, कारण सुती तंतू कापून चालत नाही, तो कुटून उलगडावा लागतो. त्यासाठी यंत्र लागते आणि अनुभव लागतो. सुदैवाने ही परंपरा आपल्याकडे संपलेली नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीजींच्या प्रेरणेने ज्या मरणपंथाला लागलेल्या कारागिऱ्या पुन्हा तपासल्या गेल्या, त्यांत हातकागद होता. के. बी. जोशी यांनी त्यावर प्रयोग केले, पुस्तक लिहिले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. शिवणकामातून उरलेल्या सुती कातरणांपासून तिथे कागद होत आला आहे. कागजीपुऱ्यातही चिंधीचा कागद होतो. वहीची सगळी पाने नाही, तरी अस्तराचे दोन ताव या कागदाचे घ्यावेत असे मी सुचवीन. टाकाऊ कापड टिकाऊ कागदात कसे बदलते, याचा नमुना मग वहीतच राहतो.

चिकटवलेले काय होते

पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी १९१२ साली चित्रात छापील कागद चिकटवायला सुरुवात केली. पिकासोने वापरलेली वर्तमानपत्राची कात्रणे आज संग्रहालयांत गडद पिवळी-तपकिरी दिसतात. तेव्हा ती करडी-पांढरी होती. म्हणजे आपण आज पाहतो ते रंगसंतुलन चित्रकाराने पाहिलेले नव्हे. तरी त्या कामांचे मोल कमी झालेले नाही. यातून एवढेच घ्यायचे की नाशवंत कागद वापरायला बंदी नाही, फक्त तो बदलणार हे ठाऊक असून वापरावा. पिवळे पडणारे कात्रण पिवळे पडूनही चित्रात शोभेल असे रंग घ्यावेत, आणि जे जपायचे ते त्यावर लिहू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कधीकधी टाकाऊ कागदच सर्वांत मोठा साक्षीदार ठरतो. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जुन्या ग्रंथांचा एक साठा सापडला. त्यांची चामड्याची वेष्टने ताठ राहावीत म्हणून बांधणीकाराने आत रद्दी पपायरस भरला होता: जुनी पत्रे, पावत्या, हिशेब. त्यांतल्या काहींवर चौथ्या शतकातल्या तारखा होत्या. ग्रंथ कधी बांधले गेले असतील याचा अंदाज संशोधकांना त्या रद्दीवरून बांधता आला. मजकुराने जे सांगितले नाही ते पुठ्ठ्याने सांगितले. आपल्या वहीच्या घडीच्या पोटात बंद झालेला छापील मजकूर, एखाद्या कार्यालयाचे परिपत्रक, मुलाची सहावीतली प्रश्नपत्रिका, कोण जाणे कुणाला कशाचा पुरावा होईल.

मग फायदा कशाचा?

या वह्यांनी पर्यावरण वाचते, असे मी म्हणणार नाही. तीस पाठकोरे कागद मी वहीत बांधले तर ते रद्दीवाल्याकडे गेले नाहीत एवढेच. रद्दीवाला ते कागद गिरणीकडे पोचवतो, आणि भारतातल्या गिरण्यांचा मोठा कच्चा माल तोच आहे. पुनर्वापराचे काम तो माझ्यापेक्षा अधिक चोख करतो. ‘रिसायकल्ड’ चिठ्ठी लावलेली महाग वही आणि तिच्याबरोबर नव्या स्टिकरांची पाकिटे विकत आणली, तर हिशेब उलटाच होतो.

फायदा दुसरीकडे आहे. हाताने वही बांधणाऱ्याला कागद कळू लागतो. कोणता फाटेल, कोणता पिवळा पडेल, कोणत्या दिशेने वळेल हे बोटांना समजते. आणि मग आपल्याकडची कोणती गोष्ट कोणत्या कागदावर ठेवायची, हा निर्णय आपण घेऊ लागतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी लाल खारव्याच्या वहीची पूजा करत, तेव्हा त्या वहीने वर्षभराचाच नव्हे, पिढ्यांचा हिशेब राखायचा असे. तिचा कागद निवडून घेतला जाई. आपल्या आठवणींना आपण तेवढीही निवड सहसा देत नाही.

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्पिका असे. कुणी लिहिले, कुठे, कोणत्या मितीला, हे तिच्यात सांगितलेले असे. पुष्कळदा पोथीच वाचकाला विनवत असे की मला तेलापासून वाचव, पाण्यापासून वाचव, सैल बांधणीपासून वाचव आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. चित्रवहीच्या शेवटच्या पानावर अशी नोंद करावी असा माझा आग्रह असतो: पाने कशाची आहेत, कव्हर कोणत्या कापडाचे, चिकटवायला खळ वापरली की गोंद, कोणत्या पानावरचे कात्रण पिवळे पडणार आहे, आणि तारीख. पेन्सिलीने लिहावे. ग्रॅफाइट उन्हाने उडत नाही, पाण्याने पसरत नाही. पुढे कधी कुणी ही वही दुरुस्त करायला घेईल, तेव्हा त्याला आत काय आहे हे अंदाजाने शोधावे लागणार नाही.